‘मशीन म्हणतंय मेंदू नॉर्मल आहे, मग मी बेवडा कसा?’

पत्र : आम्ही कसबा बावड्यात राहतो. आमचे मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. लग्नाआधीपासून पितात, पण गेली आठ-दहा वर्षं रोज. यंदा गटारीला भरपूर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ‘श्रावण पाळतो’ म्हणून एकदम बंद केली. दोन दिवसही झाले नव्हते, तर संध्याकाळी अंग ताठ होऊन फिट आली, जीभ चावली गेली. एका खासगी दवाखान्यात ठेवलं. डोक्याला वायरी लावून ईईजी काढला, तो नॉर्मल आला. श्रावण संपायच्या आत त्यांनी परत सुरू केली. मी काही बोलले की कपाटातून रिपोर्ट काढतात आणि म्हणतात, ‘मशीन म्हणतंय मेंदू नॉर्मल आहे, मग मी बेवडा कसा?’ आमचा थोरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे मेंदूच्या लहरींवरून दारुडा ओळखायचा. त्यांचा कॉम्प्युटर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा बरोबर सांगतो म्हणे. परवा जेवताना हळूच म्हणाला, ‘आई, पिणाऱ्यांच्या पोरांच्या लहरी पण वेगळ्या असतात, त्यांनी कधी थेंब घेतला नसला तरी. माझ्या काढून बघू का?’ तेव्हापासून मला झोप नाही. रिपोर्ट खरा की पोराचा कॉम्प्युटर? पोराची तपासणी करावी का? आणि नणंदेनं एक पावडर आणून दिली आहे, भाजीत कालवायची, कळतसुद्धा नाही आणि दारू सुटते म्हणे. देऊ का?

उत्तर :

ताई,

पावडर देऊ नका. तुमचा हा प्रश्न शेवटचा असला तरी उत्तर आधी द्यायला हवं.

अशा पुड्यांवर आत काय आहे ते धड लिहिलेलं नसतं. दारू सोडवायला डॉक्टर जी औषधं वापरतात त्यात डायसल्फिराम नावाची एक गोळी आहे. ती अंगात असताना दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, क्वचित माणूस दगावतोही. म्हणून ती पेशंटला सगळं समजावून, त्याचा होकार घेऊनच देतात. आपल्या पोटात काय गेलंय हे ज्याला ठाऊकच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर घेणार. मग रात्री कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारणार, ‘काय दिलं होतं?’ आणि तुम्हाला तरी कुठं माहीत आहे? नणंदेचा हेतू चांगलाच असेल. पुडी कुलुपात ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.

आता रिपोर्ट. तो खोटा नाही. पण मालक तो ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवतात, तो प्रश्न त्या मशीनला कुणी विचारलाच नव्हता.

ईईजी काढताना तुम्ही शेजारी असाल तर बघितलं असेल. टेपनं डोकं मोजतात, पेन्सिलीनं खुणा करतात, केस बाजूला सारून पेस्ट लावून एकेक चकती चिकटवतात. डोळे मिटा, उघडा, जोरजोरात श्वास घ्या, मग डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. लोकांना वाटतं यात शॉक देतात. तसं काही नसतं. मेंदूतली जी अगदी बारीक वीज कवटीबाहेर पोचते, व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते, ती मशीन नुसती टिपून घेतं. जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञानं माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा टिपली १९२४ मध्ये, आणि जगाला सांगितलं १९२९ मध्ये.

फिट आलेल्या माणसाचा ईईजी काढतात तो मुख्यतः मिरगीचा आजार मुळात आहे का, हे बघायला. कारण तसं असेल तर रोजच्या गोळ्या चालू कराव्या लागतात. दारू तुटल्यामुळे येणारी फिट वेगळी. ती शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत येते, आणि अशा माणसाचा ईईजी नंतर बहुतेक वेळा नॉर्मलच निघतो. तुमच्या मालकांचं गणित मांडून बघा. गटारीला शेवटची दारू, दोन दिवसांच्या आत फिट, ईईजी नॉर्मल. म्हणजे तो कागद त्यांच्या बाजूनं साक्ष देत नाही, बाटलीकडे बोट दाखवतोय. नॉर्मल ईईजीवरून मिरगी नाहीच असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण पिणं आटोक्यात आहे का, यकृत कसं आहे, विसरभोळेपणा वाढलाय का, संध्याकाळ झाली की जीव का कासावीस होतो, यातलं काहीच त्या आलेखात दिसत नसतं.

ही फिट येते कशी तेही सांगते. मेंदूत पेशींना शांत ठेवणारं एक रसायन आहे, गाबा, आणि चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याला दाबते. म्हणून तर दोन पेग झाले की दिवसभराचा ताण उतरल्यासारखा वाटतो. पण रोज रोज, वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू स्वतःला जुळवून घेतो. शांत करणारी बाजू आपणहून सैल सोडतो, चेतवणारी बाजू वाढवतो. मग एका दिवशी दारू अचानक काढून घेतली की चेतवणारी बाजू मोकाट सुटते. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, फिट येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना भास होऊ लागतात, नसलेली माणसं दिसतात, आपण कुठं आहोत तेच कळत नाही. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेततं.

श्रावणाला माझा विरोध नाही. माळ घालून, श्रावण धरून महिनाभर कोरडे राहणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना त्याचा फायदाच होतो. पण ज्याला रोज लागते, सकाळी हात कापतात म्हणून ज्याला घोटभर घ्यावी लागते, त्यानं गटारीला नाकापर्यंत पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम शून्यावर यायचं हा प्रकार घरी, डॉक्टरांशिवाय करायचा नाही. तुमच्या मालकांना एकदा फिट आली आहे. पुढच्या वेळी अशीच तोडली तर पुन्हा येण्याची शक्यता जास्त, आणि दर खेपेला त्रास वाढत जातो असा डॉक्टरांचा अनुभव आहे. म्हणून ‘आजपासून हात लावायचा नाही’ अशी शपथ त्यांना घालू नका. अंबाबाईची तर नकोच. सोडायची ती दवाखान्यात, नाहीतर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे. पहिले काही दिवस गुंगी आणणाऱ्या गोळ्या मोठ्या डोसनं सुरू करून हळूहळू उतरवत नेतात, बरोबर बी-वन जीवनसत्त्व देतात, कारण पिणाऱ्यांच्या अंगात ते बऱ्याचदा कमी असतं आणि त्याच्या अभावानं स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आणखी एक, ते फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाशेजारी उभे असतात आणि बहुधा मोटारसायकलवर पंचगंगेचा पूल ओलांडून जातात. फिट आलेल्या माणसानं गाडी कधी चालवायची, भट्टीजवळचं काम करायचं की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

त्यांना मशीनच हवं असेल तर त्याहून भारी एक वस्तू आहे, आणि ती कागदाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तयार केलेली ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं किती वेळा झालं, सकाळी उठल्यावर लागते का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कधी काळजी बोलून दाखवली का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. आठ किंवा त्याहून जास्त झाले तर पिण्याकडे लक्ष द्यायची वेळ आली असं धरतात, वीसच्या आसपास गेलं तर व्यसन जडलं असण्याची दाट शक्यता. व्यसन आहे का हे ओळखायला ही दहा वाक्यं डोक्याला वायरी लावण्यापेक्षा कितीतरी उपयोगी. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढा, ते तुमच्यासमोर विचारतील.

त्यांना तिथवर न्यायचं कसं, हा खरा डोंगर आहे. रात्री, प्यायलेले असताना रिपोर्टवरून वाद घालू नका. त्या वेळी तुम्ही कितीही बरोबर असलात तरी हरणार. सकाळी चहाच्या वेळी, पोरं बाहेर गेल्यावर, ‘तुम्ही बेवडे आहात’ यावर एक शब्दही न काढता एवढंच म्हणा, ‘परत फिट आली तर मला भीती वाटते. रिपोर्ट ज्यांनी काढायला सांगितला त्यांनाच एकदा विचारून येऊ, फिट कशानं आली.’ रिपोर्टवर त्यांचा एवढा विश्वास आहे ना, मग तोच हातात घेऊन जाऊ द्या. डॉक्टरांनी सांगितलेलं बायकोनं सांगितल्यापेक्षा जरा खाली उतरतं, हे कडू आहे पण आहे. तुम्ही जाताना शेवटची दारू कधी घेतली आणि फिट कधी आली हे एका चिठ्ठीवर लिहून न्या.

ओढ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशा नावांची. ती यकृत-मूत्रपिंड तपासून डॉक्टरच देतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा फुकट असतात. दाखल व्हायची तयारी झाली तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं. घरबसल्या बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मनाच्या आजारांसाठी टेलिमानस १४४१६. हे फोन मालकांनीच करायचे असतात असं नाही. तुम्ही करा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट असतो, त्याचीही चौकशी करा. झोप तुमचीही उडाली आहे.

यापुढचं थोरल्याला वाचायला द्या.

बाळा, तू वाचलंस ते खरं आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले हेन्री बेग्लायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते तेरा वर्षांच्या मुलांच्या डोक्याला वायरी लावल्या. निम्म्या मुलांचे वडील दारूच्या आहारी गेलेले, निम्म्यांचे नाही. मुलांनी स्वतः दारू कधी चाखलेली नव्हती. समोर येणाऱ्या खुणांतून अधूनमधून येणारी वेगळी खूण ओळखायची, एवढंच काम. अशी अनपेक्षित खूण आली की साधारण तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूच्या आलेखात एक उंचवटा येतो, त्याला पी-३०० म्हणतात. पिणाऱ्यांच्या मुलांमध्ये तो उंचवटा सरासरीनं ठेंगणा निघाला. नंतर नव्वदच्या दशकात बंगळूरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेतही दारूच्या रुग्णांच्या जवळच्या पुरुष नातेवाइकांत तेच दिसलं.

यातून शास्त्रज्ञांना मोठी गोष्ट कळली. तोवर वाटायचं की पिणाऱ्यांचा हा उंचवटा दारूनं खच्ची केला. पण दारू न चाखलेल्या पोरांतही तो ठेंगणा, म्हणजे निदान काही भाग आधीपासूनचा, घराण्यातून आलेला. बेग्लायटर आणि त्यांच्या सहकारी बर्निस पोर्जेश यांचं म्हणणं असं की काही मेंदूंचा ब्रेक जन्मतःच जरा सैल असतो. ते सतत थोडे चेतलेले राहतात आणि दारू त्यांना तात्पुरती शांतता देते. तुझ्या वडिलांना पहिल्या पेगला जे बरं वाटलं असेल ते कदाचित शेजाऱ्याला तेवढं वाटलंच नसेल.

पण शब्द नीट बघ, सरासरीनं. एकट्या माणसाचा पी-३०० एका खुणेवरून दिसतसुद्धा नाही. खासबागेत कुस्ती रंगात आलेली असताना कोपऱ्यात कुणी एकानं टाळी वाजवली तर ऐकू येईल का? तीच टाळी ठरलेल्या क्षणी पुन्हा पुन्हा वाजवून सगळी रेकॉर्डिंग एकावर एक बेरीज केली तर गलका आपोआप पुसला जातो आणि टाळी वर येते. तसा तो उंचवटा काढतात. शिवाय वय वाढलं, झोप नीट झाली नाही, लक्ष लागत नसेल, तर तो बदलतो. स्किझोफ्रेनियात ठेंगणा असतो, अतिचंचल मुलांतही असतो. पिणाऱ्यांची आणि न पिणाऱ्यांची टोळी शेजारी ठेवली तर फरक दिसतो, पण दोन्ही टोळ्या एकमेकींत एवढ्या मिसळलेल्या असतात की तुझा एकट्याचा आकडा बघून तू कुठल्या टोळीत जाणार हे कुणी सांगू शकत नाही. जो सांगेन म्हणतो आणि रंगीत नकाशे काढून पैसे घेतो, त्याच्या दारात जाऊ नकोस.

आणि समज काढलाच ईईजी, तर करणार काय? ठेंगणा निघाला तर मी सांगणार, पिऊ नकोस. चांगला निघाला तरी मी सांगणार, पिऊ नकोस. फरक एवढाच, की चांगला निघाला तर तू तो कपाटात ठेवशील आणि मित्रांनी आग्रह केला की आठवशील. घरात असा एक रिपोर्ट आहे तेवढा पुरे.

अनुवंशाचा वाटा खरा आहे, तो कमी दाखवणार नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांत तो साधारण निम्मा धरतात. डेन्मार्कमध्ये १९७३ साली दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास छापून आला. जन्मदात्यांपैकी कुणी दारूच्या आहारी होतं अशा मुलांपैकी १८ टक्के पुढे स्वतः आहारी गेले, बाकीच्या दत्तक मुलांपैकी ५ टक्के. धोका तिपटीहून जास्त आहे हे खरं, आणि पिणाऱ्याच्या पोटी जन्मूनही शंभरातले ब्याऐंशी गेले नाहीत हेही त्याच आकड्यांत आहे. ती मुलं जन्मदात्यांच्या घरात वाढलीच नव्हती, हे मात्र लक्षात ठेव. तुझं तसं नाही.

लहरींपेक्षा एक सोपी खूण आहे, आणि ती होस्टेलच्या खोलीत कळते. कॅलिफोर्नियातल्या मार्क शुकिट यांनी विशीतल्या मुलांना मोजून दारू देऊन नंतर वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांना तेवढ्याच दारूनं कमी झोकांडी गेली, कमी गरगरलं, त्यांच्यातच पुढे व्यसन जास्त निघालं, आणि अशी मुलं पिणाऱ्यांच्या घरात जास्त होती. आपल्याकडे याचा केवढा मान असतो बघ. ‘ह्याला चढतच नाही, भावा!’ म्हणून पाठ थोपटतात. ज्याला चढत नाही त्याला थांबायचा इशाराच मिळत नाही. कधी घेतली असशील आणि चढली नसेल, तर ती फुशारकीची गोष्ट नाही.

दुसरं, वय. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाच्या आत पहिला घोट घेतलेल्यांना पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण विशीत सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होतं. हे तुझ्या धाकट्या भावंडांच्या कामाचं. लग्नाच्या वरातीत कुणी हौसेनं ‘घे रे घोटभर’ म्हणून त्यांच्या हातात ग्लास देत असेल तर तिथं तू आडवा पड.

वडिलांच्या बाटल्या लपवणं, पाणी मिसळणं, कंपनीत फोन करून त्यांच्या रजेची खोटी कारणं देणं ही तुझी कामं नाहीत. फिट आली तर कुशीवर वळवणं, तोंडात काही न घालणं, वेळ बघणं आणि १०८ ला फोन करणं, एवढं मात्र शिकून घे.

आता तुझा प्रोजेक्ट. तुमचा डेटा बहुधा बेग्लायटर यांच्याच प्रयोगशाळेतला असणार, १२२ माणसं, डोक्यावर ६४ चकत्या, सेकंदाला २५६ नोंदी, चित्रं दाखवून घेतलेला. त्यात एकेका माणसाच्या बऱ्याच नोंदी आहेत. त्या सगळ्या पिसून काही शिकवायला आणि काही तपासायला घेतल्या असतील, तर एकच माणूस दोन्ही ढिगांत आला. मग कॉम्प्युटर दारू ओळखत नाही, ओळखीचं डोकं ओळखतो. ढीग माणसांप्रमाणे वेगळे करा, एकाचं एकही रेकॉर्डिंग दुसऱ्या ढिगात जाऊ देऊ नका, आणि परत चालवा. ९५ चा आकडा खाली आला तर लपवू नका, कारण तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या सरांना या विषयातलं थोडं जरी कळत असेल तर ते पहिलं हेच विचारतील.